ओरडून बोललं की नीट ऐकू येतं?

‘आजोबांना कमी ऐकू येतं, जरा ओरडून सांगा.’ हा सल्ला घरोघरी मायेपोटीच दिला जातो, आणि वरवर पटतोही.

पण वयोमानाने ऐकणं कमी होतं तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘आ’, ‘ओ’ या स्वरांचा जोर मुख्यतः १००० हर्ट्झच्या (सेकंदाला होणारी कंपनं; जितकी जास्त, तितकी पट्टी उंच) आतबाहेर असतो. ‘स’चा बराचसा ४००० हर्ट्झच्या वर. म्हणून ‘साप’ आणि ‘ताप’ दोन्ही नुसते ‘आप’ वाटतात. उरलेलं मेंदू संदर्भावरून जुळवतो, त्याला वेळ लागतो. ओरडल्यावर मुख्यतः स्वरच फुगतात, व्यंजनं त्यांत दबतात. शिवाय अशा कानांना मोठा आवाज लवकर बोचतो. ‘ओरडतोस कशाला?’ हे आजोबांचं चिडणं खरंच असतं!

घरीच पाहा. टीव्ही बंद करा, पाठीमागून मोठ्याने एक वाक्य बोला. मग समोर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून, नेहमीच्या आवाजात, थोडं सावकाश दुसरं बोला. कोणतं कळलं ते त्यांनाच विचारा. खात्रीसाठी श्रवणतपासणी करून घ्या. तिच्यातला आलेख उजवीकडे, म्हणजे उंच पट्टीकडे, उतरत गेला असेल, तर उंच पट्टीच गेली आहे.