ऑपरेशनची तारीख ठरली? त्याआधी अर्ध्या तासासाठी आमच्याकडे या

ऑपरेशन पोटाचं, मग व्यायाम छातीचा कशाला? लातुरातल्या आमच्या छोट्या फिजिओथेरपी केंद्रात हा प्रश्न नेहमी येतो.

पित्ताशय, जठर, आतडं यांच्या मोठ्या ऑपरेशननंतर टाके ओढतात. दुखतं म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो, खोकला दाबून धरतो. त्यात भुलीचा परिणाम आणि दिवसभर उताणं पडून राहणं. फुप्फुसाचा तळ नीट फुगत नाही, तिथले हवेचे बारीक फुगे मिटतात, कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. बिडी-सिगारेटवाल्यांना धोका जास्त. निदान चार आठवडे आधी सोडा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ४४१ जणांवर झालेली एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. काहींना नुसतं माहितीपत्रक दिलं, काहींना शिवाय फिजिओथेरपिस्टनं ऑपरेशनआधी अर्धा तास शिकवलं. फुप्फुसाचा त्रास पहिल्या गटात २७ टक्क्यांना झाला, दुसऱ्यात १२ टक्क्यांना. म्हणजे हा कागदही नुसता वाचून भागणार नाही, हे आम्हीच सांगतो!

शिकायचं काय? टेकून ताठ बसा. नाकानं सावकाश खोल श्वास घ्या, तीन सेकंद धरा, सोडा. असे दहा, जरा थांबून पुन्हा दहा. मग टाक्यांवर उशी घट्ट दाबून तीनदा खोका. शुद्धीवर आल्यापासून, जागे असाल तेव्हा दर तासाला. भेटायला येणारे मायेनं म्हणतात, "खोकू नको, टाके तुटतील." उशीचा आधार असला की ती भीती नको. हृदयाच्या बायपासवाल्यांना छातीच्या हाडाची वेगळी काळजी घ्यावी लागते, ती समोर बसवूनच दाखवू.

श्वासाच्या व्यायामाचं, तीन छोट्या चेंडूंचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकू नका, नळीतून हवा आत ओढा. नसेल तर मुद्दाम विकत घेऊ नका, वरचा व्यायाम पुरतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की उठा, चाला.

ताप, पिवळा-हिरवा बेडका, धाप, छातीत कळ किंवा एकाच पोटरीला सूज दिसली तर आमच्याकडे नको, आधी डॉक्टरांकडे. धाप किंवा कळ एकदम आली तर १०८ लावा.

येताना फाइल आणि एक्स-रे घ्या. शिवाय दवाखान्यात जो थांबणार आहे त्यालाही आणा. तासातासाला आठवण त्यालाच करून द्यायची आहे.