शेवग्याचं बी आणि प्लास्टिक धुतलेलं पाणी

रिसायकलिंगसाठी बाटल्यांचा चुरा धुतल्यावर उरलेलं पाणी काचेच्या भांड्यात घेतलं, तर ते राखाडी दिसतं, वर फेस असतो आणि तास उलटला तरी निवळत नाही. लेबलांचा गोंद सुटावा म्हणून हा चुरा गरम पाण्यात कॉस्टिक सोडा आणि डिटर्जंट घालून घुसळतात. त्या पाण्यात माती, तेल, शाई आणि प्लास्टिकची अगदी बारीक भुकटी उतरते.

या कणांवर बहुधा ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटत राहतात, म्हणून खाली बसत नाहीत. तुरटी हा भार नाहीसा करते, मग कण चिकटून त्यांचे पुंजके होतात. शेवग्याच्या बियांतली धनभारित प्रथिनंही हेच काम करतात. बी सोलून, कुटून, तेल काढून उरलेला चोथा मिठाच्या पाण्यात ढवळला, की साध्या पाण्यापेक्षा जास्त प्रथिनं उतरतात.

नदीच्या गढुळावर हा अर्क छान चालतो, पण या पाण्यावर तसाच ओतला तर वाया जातो. पीएच १० ते ११ च्या वर गेला की प्रथिनांचा धनभार संपतो, आणि कॉस्टिकचं पाणी सहज त्यापुढे असतं. आधी आम्ल घालून पीएच उतरवायलाच हवा. त्यात डिटर्जंटचे ऋणभारित रेणू बरीचशी प्रथिनं स्वतःच अडवून धरतात.

म्हणून मात्रा ठरवायला जार टेस्ट करतात. सहा भांड्यांत तेच पाणी, प्रत्येकात थोडा जास्त अर्क. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग १५-२० मिनिटं अगदी सावकाश. जमलेल्या भांड्यात आधी रवाळ ठिपके दिसतात, मग नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या, आणि मधलं पाणी स्वच्छ होत जातं. अर्क जास्त झाला तर कणांवर उलटा भार चढतो आणि पाणी पुन्हा गढुळतं. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन ही प्लास्टिकं पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे त्यांच्या गुठळ्या वर तरंगू शकतात. तिथे बारीक बुडबुडे सोडून तो थर वरून काढावा लागतो.

विरघळलेले क्षार याने निघत नाहीत. अर्कातले इतर सेंद्रिय पदार्थ तर सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, वाढवतात, त्यामुळे पुढे जैविक प्रक्रिया लागतेच.

गाळाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. बी नैसर्गिक, म्हणून गाळ खत म्हणून शेतात टाकावा, हे मला मुळीच मान्य नाही. बियांचा भाग कुजेल, पण त्याने पकडलेली प्लास्टिकची भुकटी मातीत तशीच राहील. हा गाळ दाबून, पाणी काढून, बंदिस्त जागीच जायला हवा.