किल्ला दिसला तर मिस्ट

भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते. परवा तिची इंग्रजी शब्दांची वही चाळत होतो. मिस्ट, फॉग, हेझ आणि स्मॉग या चारही शब्दांपुढे तिनं एकच अर्थ लिहिला होता, धुकं. होरफ्रॉस्ट आणि राइम या दोघांपुढे दंव. "मामा, कोशात असंच आहे," ती म्हणाली. बाहेर ग्वाल्हेरची जानेवारीतली सकाळ होती आणि घरातले सगळे 'आज कोहरा फार आहे' एवढं म्हणून मोकळे झाले होते. मी तिला लष्कर या शहरातल्या जुन्या भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर घेऊन गेलो.

"किल्ला दिसतोय?"

"किल्ला कुठला मामा, समोरचं कडुनिंबाचं झाडसुद्धा दिसत नाही."

"मग हा फॉग. झाड, घरं, पाण्याच्या टाक्या ओलांडून किलोमीटरभरापलीकडचं दिसायला लागलं की मिस्ट."

हवामानशास्त्रात या दोघांतला फरक खरोखर इतकाच आहे. दोन्हींत हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब असतात. १००० मीटरच्या आतलंच दिसत असेल तर फॉग, त्यापुढचं दिसत असेल तर मिस्ट. आपलं हवामान खातं फॉगच्याही पायऱ्या करतं. ५० ते २०० मीटरपर्यंत दिसत असेल तर दाट धुकं आणि ५० मीटरच्या आत अतिदाट. विमानतळाच्या हवामान संदेशात फॉगसाठी एफजी आणि मिस्टसाठी बीआर ही अक्षरं येतात. बीआर कुठून आलं हे पुष्कळांना कोडं वाटतं. ते फ्रेंच 'ब्रूम' या शब्दावरून आलंय. रेल्वेत दाट धुक्याच्या रात्री सिग्नलच्या अलीकडे रुळांवर पटाखे लावण्याची पद्धत आहे. चाकाखाली ते फुटले की चालकाला कळतं, सिग्नल जवळ आला. शब्दाचा अर्थ मीटरमध्ये का ठरवायचा, ते इथे समजतं.

हेझचं मात्र वेगळं आहे. तिथे पाणी नाही, कोरडे कण आहेत, म्हणजे धूळ, धूर, क्षार. मार्च-एप्रिलच्या दुपारी किल्ला पुसट दिसतो ना, तो हेझमधून. हे कण इतके बारीक असतात की निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून काळोख्या डोंगरासमोर हेझ निळसर दिसते आणि उजळ आकाशासमोर पिवळट. धुक्याचे थेंब त्या मानाने मोठे, साधारण १० ते २० मायक्रॉनचे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की ही तिन्ही एकाच कणाची वयं असू शकतात. जॉन एटकिन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास दाखवून दिलं की पूर्ण गाळलेल्या, धूळ काढून टाकलेल्या हवेत वाफ घातली तरी धुकं सहजी होत नाही. थेंबाला बसायला कण लागतो. संध्याकाळी जी हेझ असते, तिच्यातले क्षारांचे कण रात्री हवा दमट झाली की पाणी पिऊन फुगतात. मग मिस्ट. हवा गार होत दवबिंदूला, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानाला पोचली की थेंब भराभर वाढतात आणि फॉग होतो. त्यात धूर आणि विषारी वायू पुरेसे मिसळले की स्मॉग. स्मोक आणि फॉग जोडून केलेला हा शब्द हेन्री देव्हो या डॉक्टरांनी १९०५ मध्ये लंडनमध्ये वापरात आणला. त्याच लंडनमध्ये डिसेंबर १९५२ च्या पाच दिवसांच्या स्मॉगने हजारो माणसं दगावली. म्हणून 'धुकं' आणि 'स्मॉग' एकाच ओळीत लिहिलेलं मला चालत नाही. एकात फिरायला जाता येतं, दुसऱ्यात वृद्धांना आणि दमेकऱ्यांना घरात ठेवावं लागतं.

भाचीने मग दंवाचं विचारलं. आपण म्हणतो 'दंव पडतं'. आमची आजी त्याला दहिवर म्हणायची, तेही पडायचंच. पण दंव पडत नाही. विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरांनी लंडनजवळच्या बागेत लोकरीचे मोजून घेतलेले पुंजके रात्रभर उघड्यावर ठेवले आणि सकाळी पुन्हा तोलले. एक पुंजका त्यांनी वरून उघड्या, उभ्या मातीच्या नळकांड्यात ठेवला. दंव पावसासारखं वरून पडत असतं तर त्यालाही तेवढंच पाणी मिळायला हवं होतं. मिळालं फार कमी, कारण नळकांड्याच्या भिंतींनी आकाशाचा बराच भाग झाकला होता. उघडं आकाश दिसणारी वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडते, हवेपेक्षाही गार होते आणि शेजारची वाफ तिच्यावरच पाणी होऊन बसते. हे त्यांनी १८१४ मध्ये छापलं.

ती वस्तू शून्याखाली गेली, तर वाफ पाणी न होता थेट बर्फ होऊन बसते. तो होरफ्रॉस्ट. हिंदीत पाला. इथल्या मराठी घरांत 'पाल्यावर पाला पडला' असं वाक्य ऐकू येतं, आणि पहिला पाला मराठी, दुसरा हिंदी, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तापमापक ३-४ अंश दाखवत असतानाही वाटाणा, बटाटा करपतो, कारण तापमापक माणसाच्या उंचीच्या आसपास असतो आणि पान जमिनीलगत त्याहून गार झालेलं असतं. अशा रात्री चंबळच्या बाजूचे शेतकरी शेताला हलकं पाणी देतात. ओली माती खालची ऊब वर पोचवते.

राइम मात्र ग्वाल्हेरच्या शेतात शोधू नये. शून्याखाली जाऊनही न गोठलेले धुक्याचे थेंब फांदीवर आदळतात आणि तिथल्या तिथे गोठतात, तो राइम. त्याला गोठण्याखालचं धुकं लागतं, ते उंच पहाडांवर. आपल्याकडे बहुधा उलट होतं. धुकं जमलं की ते जमिनीची उष्णता अडवतं आणि पीक वाचतं. मावठा होऊन गेल्यावर आकाश निवळलं आणि अगदी मंद वारा असला तर धुकं दाट होतं. वारा मुळीच नसला तर बरंचसं पाणी दंवातच जातं.

अकराच्या सुमाराला जमीन तापली. गच्चीवरून आधी कडुनिंब दिसला, मग टाक्या, मग किल्ल्याचा खालचा कडा. वरची तटबंदी मात्र अजून पांढऱ्यात बुडालेली. "आता मिस्ट?" भाचीने विचारलं. आमच्याभोवती मिस्टच होतं. वर राहिलेला थर जमिनीपासून सुटला होता, त्याला आता हवामान खातं स्ट्रॅटस ढग म्हणेल. किल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र तो अजून फॉगच होता. तिने वही काढली आणि चारही ओळी खोडल्या.