बीजिंगहून न्यूयॉर्कला, ध्रुवाजवळून

विमानात समोरच्या पडद्यावर मार्गाची कमान दिसली की शेजारचं कुणीतरी हमखास विचारतं, "एवढा वळसा कशाला घालतायत?"

बीजिंग आणि न्यूयॉर्क घ्या. दोन्ही ४० अंश उत्तर अक्षवृत्ताच्या अगदी जवळ. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती पॅसिफिकवरून आडवी जाते आणि भरते सुमारे १४,४०० किलोमीटर. प्रत्यक्षात कमीत कमी अंतर आहे ११,०००च्या आसपास.

गुळगुळीत पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांपाशी दोरा बोटांनी दाबा आणि मधला भाग ४० अंशांच्या त्या रेघेवर बसवा. आता एक टोक हळूहळू ओढा. दोरा तिथे टिकतच नाही. घसरत घसरत पार ८४ अंशांपर्यंत वर जातो आणि जवळजवळ चौथाई दोरा हातात येतो.

असं का? दोन शहरांमध्ये सुमारे १७० रेखांश ओलांडायचे आहेत. विषुववृत्तावर एक रेखांश १११ किलोमीटरला पडतो, ४० अंशांवर ८५ला आणि ८४ अंशांवर जेमतेम १२ला! म्हणजे रेखांश ओलांडायचे तर वर जाऊन ओलांडावेत, तिथे ते मातीमोल आहेत. पण वर चढणं फुकट नाही. उत्तरेकडे एक अंश सरकायला कुठूनही १११ किलोमीटर लागतातच. या दोन खर्चांची बेरीज जिथे सर्वांत कमी होते ती वाट म्हणजे बृहद्वृत्त: पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर उमटवलेली रेघ. हौस असेल त्यांनी ताळा करावा. दोन्ही शहरं ४०.३ अंशांवर धरा. ४०.३चा कोसाइन गुणिले ८४.८चा (रेखांशांच्या फरकाच्या निम्म्याचा) साइन, उत्तर ०.७६. हा ज्याचा साइन तो कोन ४९.४ अंश. त्याची दुप्पट ९८.९, गुणिले १११.२ (एका अंशाचे किलोमीटर), म्हणजे सुमारे ११,००० किलोमीटर.

कमान दिसते ती मर्केटर या नकाशाकाराच्या नकाशामुळे. १५६९ साली त्याने तो दर्यावर्दींसाठी काढला. होकायंत्राची एकच दिशा धरून केलेला प्रवास त्यावर सरळ रेघेत दिसतो. त्यापायी ८४ अंशांवरचा प्रदेश साडेनऊ पट ताणला गेला.

पृथ्वी चपटी आहे असे व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनी एक हिशेब जरूर करावा. उत्तर ध्रुव मध्यभागी असलेल्या त्यांच्या तबकडीवर सिडनी ते सान्तियागो अंतर २५,००० किलोमीटरच्या वर जातं. विमानं ते बारा-तेरा तासांत कापतात. मग प्रवासी विमानाचा वेग ताशी दोन हजार किलोमीटर मानायचा का?

प्रत्यक्ष उड्डाण दोऱ्याच्या रेघेवरून क्वचितच होतं. अकरा किलोमीटर उंचीमुळे ११,००० किलोमीटरमागे जेमतेम १९ किलोमीटर वाढतात, ते सोडून द्या. खरा फरक पडतो वाऱ्यांमुळे आणि राजकारणामुळे. २०२२मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि हेलसिंकीहून टोकियोला जायला साडेनऊऐवजी तेरा तास लागू लागले.