पॅरिस, जेरी

पॅरिस, जेरी : (२५ जुलै १९२५–३१ मार्च १९८६). अमेरिकन चित्रपट-अभिनेता व दूरचित्रवाणी-दिग्दर्शक. जन्म सॅन फ्रॅन्सिस्को येथे. दुसऱ्या महायुद्धात नौदलात सेवा केल्यावर त्याने न्यूयॉर्कमध्ये अभिनयाचे शिक्षण घेतले. १९५० च्या दशकात द वाइल्ड वन (१९५३), द केन म्यूटिनी (१९५४), द नेकेड अँड द डेड (१९५८) अशा परस्परांहून अगदी वेगळ्या चित्रपटांत त्याने दुय्यम भूमिका केल्या. मार्टी (१९५५) मधील टॉमी, म्हणजे आई आणि बायको यांच्या कात्रीत सापडलेला नायकाचा मावसभाऊ, ही त्यांतली सर्वांत ठसठशीत. दूरचित्रवाणीवर द अनटचेबल्स या मालिकेच्या पहिल्या हंगामाच्या आरंभी तो फ्लॅहर्टी या अधिकाऱ्याच्या भूमिकेत होता.

द डिक व्हॅन डाइक शो (१९६१–६६) या मालिकेत शेजारी राहणारा दंतवैद्य जेरी हेल्पर ही त्याची भूमिका. तिथेच १९६२-६३ च्या हंगामात तो दिग्दर्शनाकडे वळला आणि १५८ पैकी ८४ भाग त्याने दिग्दर्शित केले, असे सामान्यतः मानले जाते. १९६४ मध्ये याच कामासाठी त्याला विनोदी दिग्दर्शनाचा एमी हा दूरचित्रवाणी-पुरस्कार मिळाला. भूमिका लहान असल्याने त्याला इतरांचे काम पाहायला भरपूर सवड मिळे. त्याच्या पुढील कारकीर्दीचे मूळ चित्रपटांपेक्षा या सवडीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

ही मालिका हॉलिवुडमधील डेझिलू या निर्मितीसंस्थेच्या काहुएंगा येथील स्टुडिओत, प्रेक्षकांसमोर, तीन फिल्म-कॅमेऱ्यांनी चित्रित होई. या पद्धतीच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. प्रचलित मत आय लव्ह ल्यूसी (१९५१) चे निर्माते देसी आर्नाझ व छायालेखक कार्ल फ्रॉइंट यांना श्रेय देते. दुसऱ्या मतानुसार निर्माता जेरी फेअरबँक्सने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातच अनेक कॅमेऱ्यांची यंत्रणा वापरली होती. तिसरे मत ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस या कार्यक्रमाकडे बोट दाखवते. तो १९५० च्या सुमारास याच रीतीने चित्रित झाला आणि त्याची आखणी करणारा अल सायमन पुढे ल्यूसीच्या चमूत आला. हा दुवा पाहता तिसरे मत सहज बाजूला सारता येत नाही. मात्र नाट्यप्रसंगाला पेलेल अशी प्रकाशयोजना व कॅमेऱ्यांची मांडणी ही फ्रॉइंटचीच म्हणावी लागते.

फ्रॉइंटच्या मांडणीत मधल्या कॅमेऱ्याला ४० मिमी.चे भिंग असे व त्यात सारे नेपथ्य मावे. बाजूचे दोन कॅमेरे साधारण ७५ ते १०० मिमी. भिंगांनी जवळची दृश्ये घेत. दिवे वरून टांगलेले आणि प्रकाश सपाट, कारण दर दृश्याला दिवे हलवायला वेळ नसे. ३५ मिमी. फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. १,००० फुटांचे रीळ ११ मिनिटांत संपते. म्हणून कोणताही प्रवेश सलग दहा मिनिटांपलीकडे लांबवता येत नसे. तिन्ही कॅमेरे अखंड चालवल्यास २५ मिनिटांच्या भागाला किमान ६,७५० फूट फिल्म लागे.

थेट प्रक्षेपणातल्याप्रमाणे इथे बटण दाबून कॅमेरा बदलत नसत. निवड नंतर संकलनात, तिन्ही पट्ट्या एकत्र चालवणाऱ्या मुव्हिओला या संकलनयंत्रावर होई. त्या काळी भिंगातून काय टिपले जात आहे हे चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शकाला दिसतही नसे. सारी भिस्त तालमीवर. आठवड्याच्या आरंभी संहितावाचन, मग उभ्याने तालमी, शेवटून दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यांसह तालीम. तेव्हा प्रत्येक ट्रॉलीच्या व नटाच्या जागा जमिनीवर खुणांनी पक्क्या होतात. नट खुणेवरून हातभर सरकला तरी फोकस सुटतो, एका कॅमेऱ्यात दुसरा डोकावतो किंवा बूमची (ध्वनिग्राहकाच्या लांब दांड्याची) सावली मागच्या भिंतीवर पडते. हशा न थांबता पुढचे वाक्य घेतले तर ते बुडते. फार थांबले तर घरच्या प्रेक्षकाला पोकळी जाणवते. बिघडलेले तुकडे प्रेक्षक गेल्यावर पुन्हा घेतात, पण त्यांत हशाची लय सापडेलच असे नाही. हे सगळे नटाच्या बाजूने अनुभवलेला दिग्दर्शक खुणा आखतानाच चुका टाळू शकतो.

द ऑड कपल (१९७०) या मालिकेच्या आरंभीच्या भागांपासून निर्माता गॅरी मार्शलशी पॅरिसचे नाव जोडले गेले. मार्शलची हॅपी डेज (१९७४–८४) ही मालिका प्रथम एका कॅमेऱ्याने, प्रेक्षकांविना चित्रित होई. दुसऱ्या हंगामातील एक भाग तीन कॅमेऱ्यांनी, प्रेक्षकांसमोर करून पाहण्यात आला व तिसऱ्या हंगामापासून तीच पद्धत कायम झाली. २५५ पैकी २३७ भाग पॅरिसच्या नावावर सांगितले जातात. आकड्यात थोडे इकडेतिकडे झाले, तरी एका मालिकेवर एकाच दिग्दर्शकाची इतकी छाप क्वचितच आढळते.

त्याचे चित्रपट-दिग्दर्शन त्यामानाने किरकोळ. हाउ स्वीट इट इज! (१९६८), व्हिव्हा मॅक्स! (१९६९) व पोलीस अकादमी मालिकेतील दुसरा (१९८५) आणि तिसरा (१९८६) हे चित्रपट त्याने केले. तिसरा प्रदर्शित झाल्यावर थोड्याच दिवसांत लॉस अँजेलिस येथे, मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर तो निधन पावला.