सुपरिंटेंडेंटचं प्रगतिपुस्तक

२००९ साली अमेरिकेतल्या शाळा-प्रशासकांच्या राष्ट्रीय संघटनेनं अटलांटा शहराच्या बेव्हर्ली हॉल यांना वर्षातल्या सर्वोत्कृष्ट सुपरिंटेंडेंटचा, म्हणजे शाळांच्या स्थानिक मुख्य अधिकाऱ्याचा, सन्मान दिला. १९९९ पासून त्या अटलांटाच्या सरकारी शाळांचा कारभार पाहत होत्या. मुलं बहुतांश गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांमधली, तरीही राज्याच्या परीक्षेतले गुण दरवर्षी चढत होते. हॉल यांच्या करारात या गुणांवर बोनस बांधलेला होता आणि कारकिर्दीत त्यांना मिळालेली बोनसची रक्कम पाच लाख डॉलरच्या पुढे गेली.

प्रत्येक शाळेला वर्षाचं लक्ष्य ठरवून दिलेलं असे. ठरल्या मुदतीत ते गाठलं नाही, तर मुख्याध्यापकाची खुर्ची जाई. जॉर्जिया डोम या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये वार्षिक मेळावा भरायचा. लक्ष्य गाठलेल्या शाळांचे शिक्षक खाली मैदानावर बसायचे आणि बाकीचे लांब गॅलरीत.

मग कुणीतरी खाडाखोड मोजली. ही परीक्षा पर्यायी उत्तरांची, पेन्सिलीनं गोल काळे करायची. उत्तरपत्रिका यंत्रात घातली की यंत्र गडद गोल तर वाचतंच, पण खोडरबरानं पुसलेल्या जागी उरलेली फिकट खूणही टिपतं. त्यामुळे मुलानं आधी कोणता गोल भरला होता आणि नंतर कोणता, हे कळतं. मुलं उत्तरं बदलतातच. कधी बरोबरचं चूक होतं, कधी चुकीचं बरोबर. पण एखाद्या वर्गात जवळजवळ प्रत्येक खोडलेलं उत्तर चुकीचं बरोबर झालेलं असेल आणि अशी खाडाखोड राज्याच्या सरासरीच्या कित्येक पट असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. तपासणाऱ्यांनी रेषा आखली ती सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या पलीकडे (आकडे सरासरीभोवती साधारण किती विखुरलेले असतात, त्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन). केवळ योगायोगानं त्या रेषेपलीकडे जाणारे वर्ग हजारात एक-दोन निघावेत. अटलांटात शाळाच्या शाळा त्या रेषेपलीकडे होत्या.

जुलै २०११ मध्ये राज्याच्या चौकशीचा अहवाल आला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांमध्ये फसवणूक झाली होती. १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांची नावं त्यात होती आणि त्यांतल्या ८२ जणांनी कबुली दिली होती. काही शिक्षक तर सुटीच्या दिवशी एकत्र जमून उत्तरं दुरुस्त करत बसले होते. हॉल यांनी आरोप शेवटपर्यंत नाकारले. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला, पण त्यांच्यावरचा खटला उभा राहण्याआधीच मार्च २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्याच महिन्यात ज्युरीनं इतर ११ जणांना दोषी ठरवलं.

यात मुलांचं काय झालं, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलाला वाचता येत नव्हतं, ते कागदावर पास झालं. पास झालेल्या मुलाला जादा मदत कशाला? ज्यांच्या उत्तरपत्रिकांमध्ये फेरफार झाले होते, अशा मुलांचा जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी नंतर मागोवा घेतला. वाचन आणि भाषेत ती पुढची काही वर्षं मागे पडलेली दिसली. आणखी एक खंत आहे. राष्ट्रीय पातळीवर नमुन्यादाखल एक स्वतंत्र चाचणी होते, जिच्यावर कुणाचाही बोनस अवलंबून नसतो. त्या चाचणीतही अटलांटाचे गुण त्या काळात वाढले होते. म्हणजे सुधारणेत काहीतरी खरं होतं. पण खऱ्यात खोटं इतकं मिसळलं गेलं, की खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवेना.

अमेरिकेत १३ हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारे विभाग, आहेत. आपल्याकडचा जिल्हा परिषदेचा शिक्षणाधिकारी राज्य सरकार नेमतं आणि बदलतं. तिथला सुपरिंटेंडेंट मात्र बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं स्थानिक स्कूल बोर्ड नेमतं, त्याच्याशी करार करतं आणि दरवर्षी त्याच्या कामाचं मूल्यमापन करतं. बोर्डावर पाच-सात किंवा नऊ माणसं असतात. कुणी पालक, कुणी वकील, कुणी निवृत्त शिक्षक. शिक्षणातलं संख्याशास्त्र त्यांना ठाऊक असेलच असं नाही. त्यांच्यासमोर एक आलेख येतो: गेल्या वर्षी सरासरी इतकी, यंदा इतकी. रेघ वर गेली की शाबासकी, खाली आली की नव्या माणसाचा शोध.

ही रेघ कितपत बोलते, हे एका कल्पित हिशोबानं पाहू. समजा एका लहान डिस्ट्रिक्टमध्ये तिसरीत ६४ मुलं आहेत. परीक्षेत मुलामुलांच्या गुणांमधला फरक, म्हणजे प्रमाण विचलन, ५० गुणांचं आहे. दरवर्षी तिसरीत वेगळी मुलं येतात. शिकवणं तसूभरही बदललं नाही, तरी या वर्षीची ६४ आणि पुढच्या वर्षीची ६४ सारखी नसतात. अशा तुकडीच्या सरासरीत निव्वळ योगायोगानं होणारा चढउतार काढायचा, तर ५० ला ६४ च्या वर्गमुळानं, म्हणजे ८ नं भागायचं. उत्तर सव्वासहा गुण. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्हीकडचे चढउतार एकत्र येतात आणि आकडा नऊच्या जवळ जातो. म्हणजे सरासरी आठ गुणांनी वाढली म्हणून बोर्ड टाळ्या वाजवत असेल, तेव्हा प्रत्यक्षात काहीच घडलेलं नसण्याची शक्यता चांगलीच दाट आहे.

याच हिशोबामुळे शाळांच्या क्रमवारीत लहान शाळा सर्वांत वरही दिसतात आणि सर्वांत खालीही. थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली हे नीट मांडून दाखवलं. लहान शाळा शिकवण्यात चांगल्या किंवा वाईट असतात असा त्याचा अर्थ होत नाही. मुलं कमी, म्हणून सरासरी जास्त हलते.

आता दुसरी बाजू. एका सुपरिंटेंडेंटमुळे गुण खरोखर किती हलतात? ब्रूकिंग्ज इन्स्टिट्यूशनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांची दहा वर्षांची माहिती तपासली. मुलांच्या गुणांमध्ये जी तफावत दिसते, तिच्यातला सुपरिंटेंडेंटचा वाटा त्यांना आढळला ०.३ टक्के. मुलाची स्वतःची पार्श्वभूमी, शिक्षक, शाळा, डिस्ट्रिक्ट, या प्रत्येकाचा वाटा याहून कितीतरी मोठा. नवा सुपरिंटेंडेंट आणल्यानं गुण वाढलेले दिसले नाहीत आणि जुना जास्त वर्षं राहिल्यानंही नाहीत. सर्वसाधारण मुक्काम तीन-चार वर्षांचाच.

०.३ टक्के वाचून ‘मग हे पद हवं कशाला?’ असं म्हणणं घाईचं होईल. हा आकडा प्रमाण विचलनाच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) भाषेतला आहे. गुणांच्या भाषेत आणायचा तर त्याचं वर्गमूळ काढावं लागतं. ०.००३ चं वर्गमूळ ०.०५५ च्या आसपास येतं. वरच्या उदाहरणात प्रमाण विचलन ५० गुणांचं होतं, म्हणून साधारण सुपरिंटेंडेंट आणि चांगला सुपरिंटेंडेंट यांच्यातला फरक सुमारे पावणेतीन गुण. एका मुलाच्या दृष्टीनं हे किरकोळ. पण डिस्ट्रिक्टमधल्या प्रत्येक मुलाला पावणेतीन गुण, आणि डिस्ट्रिक्टमध्ये ५० हजार मुलं, तर ती फार मोठी गोष्ट आहे. मला स्वतःला ही नोकरी महत्त्वाचीच वाटते.

अडचण मोजण्यात आहे. खरा परिणाम पावणेतीन गुणांचा आणि योगायोगाचा गोंगाट नऊ गुणांचा. तिसरी ते आठवी असे सहाही वर्ग एकत्र धरले, तर ३८४ मुलं होतात आणि एका वर्षाचा गोंगाट अडीच गुणांवर येतो. तरी तो परिणामाच्या बरोबरीचाच. चांगल्या-वाईटाचा निवाडा करण्याजोगा स्पष्ट संकेत मिळेपर्यंत अनेक वर्षं जातात आणि तोवर माणूस दुसऱ्या गावी गेलेला असतो. मोठ्या शहरात मुलं भरपूर, त्यामुळे गोंगाट कमी. पण तिथं एखादा कारखाना बंद होतो, स्थलांतरितांची नवी लाट येते, घरभाडी वाढून गरीब कुटुंबं हद्दीबाहेर जातात, आणि सरासरी हलते ती अशा गोष्टींनी.

नवा माणूस बहुधा वाईट वर्षानंतरच नेमला जातो, हेही ध्यानात ठेवायला हवं. फार वाईट वर्षानंतरचं वर्ष, काहीही केलं नाही तरी, सहसा थोडं बरं जातं. सर्दी ऐन भरात असताना नवा डॉक्टर गाठला आणि ती चार दिवसांत उतरली, तर श्रेय डॉक्टरला मिळतं.

गुणांची पातळी आणि गुणांची वाढ यांतला फरकही असाच विसरला जातो. अमेरिकेत घर घेताना मराठी कुटुंबं आधी शाळेचं रेटिंग पाहतात, हे तिथं नातेवाईक असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण परीक्षेतली सरासरी पातळी पालकांचं उत्पन्न आणि शिक्षण यांच्याशी घट्ट बांधलेली असते. मुलं शाळेत पाऊल ठेवतात तेव्हाच त्यांच्यात मोठी दरी असते. श्रीमंत उपनगरातल्या सुपरिंटेंडेंटला हे गुण आयते मिळतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या कोट्यवधी चाचण्यांचे निकाल एका मापात आणून वेगळा प्रश्न विचारला: तिसरी ते आठवी या पाच वर्षांत मुलं किती शिकली? तिसरीची पातळी आणि पुढची वाढ यांचा एकमेकांशी जवळजवळ संबंधच नाही, असं निघालं. आणि वाढीत आघाडीवर होतं शिकागो, ज्या शहराच्या शाळांना अमेरिकेत एकेकाळी सर्वांत वाईट म्हटलं गेलं होतं. २००९ ते २०१४ या काळात तिथली मुलं पाच वर्षांत सहा वर्षांचा अभ्यास शिकली होती.

मग श्रेय कुणाला द्यायचं? शिकागोत या पदाला तेव्हा सीईओ म्हणत. त्या पाच वर्षांत रॉन ह्युबरमन आले आणि गेले, टेरी मॅझनी यांनी काही महिने हंगामी काम पाहिलं, जाँ-क्लोद ब्रिझार सव्वा-दीड वर्ष राहिले, मग बार्बरा बर्ड-बेनेट आल्या. बर्ड-बेनेट यांनी पुढे एका कंत्राटाच्या लाचप्रकरणी गुन्हा कबूल केला आणि २०१७ मध्ये त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. आलेख वर जात होता, वरची माणसं बदलत होती आणि त्यांतलं एक माणूस भ्रष्ट निघालं. नुसत्या आलेखावरून गुण द्यायचे असते, तर त्यांना उत्तम शेरा मिळाला असता. शिकागोत १९८८ च्या कायद्यानं मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार प्रत्येक शाळेच्या स्थानिक परिषदेकडे दिलेला आहे. वरची खुर्ची डगमगत असताना खालचं काम चालू राहिलं, यात त्या रचनेचा वाटा असावा असं माझं मत.

मोजमापावर मोठं बक्षीस ठेवलं की मोजमापच बिघडतं, हे डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं. टेक्सासमधल्या एल पासोत उत्तरपत्रिकांना हात लावायचीही गरज पडली नाही. तिथं दहावीच्या परीक्षेवर शाळेचा दर्जा ठरायचा. म्हणून इंग्रजी कच्चं असलेल्या, बहुतांश मेक्सिकोतून आलेल्या मुलांना नववीतच अडकवलं गेलं, किंवा नववीतून थेट अकरावीत ढकललं गेलं, किंवा शाळेबाहेरच काढलं गेलं. सरासरी आपोआप वाढली. सुपरिंटेंडेंट लोरेन्झो गार्सिया यांना या प्रकरणात आणि एका कंत्राटाच्या घोटाळ्यात मिळून २०१२ मध्ये साडेतीन वर्षांची कैद झाली. एखादं मूल नापास होणं एक वेळ परवडलं. ते परीक्षेला बसूच नये अशी व्यवस्था प्रौढ माणसांनी करावी, याचा मला मनापासून संताप येतो.

मग बोर्डानं पाहावं काय? जे सुपरिंटेंडेंटच्या हातात असतं ते. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०११ पासून लागू असलेली पद्धत मला बरीचशी पटते. वर्षाच्या सुरुवातीला सुपरिंटेंडेंट स्वतःचं मूल्यांकन मांडतो, मग बोर्डाशी बोलून मोजकी उद्दिष्टं ठरतात, वर्षाच्या मध्यावर आढावा होतो आणि शेवटी पुराव्यांसह शेरा मिळतो. शिकवण्याचं नेतृत्व, कारभार, पालक व समाजाशी नातं आणि कामाची संस्कृती, अशी चार परिमाणं. विद्यार्थ्यांची प्रगती त्यात असतेच, पण पुराव्यांतला एक पुरावा म्हणून. आणि हा शेरा बोर्डाच्या जाहीर बैठकीत ठरतो, गावकऱ्यांच्या देखत.

यातही उणिवा आहेत. सात सदस्य त्याच माणसाला सात तऱ्हेनं जोखतात. ज्याच्या मुलाची बस उशिरा येते, त्याला कारभार ढिसाळ वाटतो. म्हणून उद्दिष्ट जितकं नेमकं, तितका मतभेद कमी. ‘हजेरी सुधारावी’ यापेक्षा असं लिहिता येतं: वर्षाच्या १८० दिवसांपैकी १८ किंवा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, ती कोणत्या शाळांमधली, त्यांच्या घरी कोण गेलं आणि जानेवारीत तो आकडा कुठे होता. हजेरीही खोटी मांडता येते, पण ती दर आठवड्याला पडताळता येते.

मला बोर्डावर बसायची वेळ आली, तर मी सगळ्यात जास्त वेळ मुख्याध्यापकांच्या नेमणुकांवर घालवीन. सुपरिंटेंडेंट स्वतः एकाही वर्गात शिकवत नाही. त्याचा हात मुलापर्यंत पोचतो तो बहुतांशी त्यानं नेमलेल्या मुख्याध्यापकांमार्फत. गेल्या दोन वर्षांत रिकाम्या झालेल्या जागा किती दिवसांत भरल्या, किती उमेदवारांतून, त्या शाळांमधले चांगले शिक्षक टिकले की सोडून गेले, गेले तर जाताना काय सांगून गेले? या प्रश्नांची उत्तरं परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच मिळतात. आणि निकाल हाती आला की तो त्या स्वतंत्र, बोनस नसलेल्या चाचणीशेजारी ठेवायचा. एक चढतोय आणि दुसरा जागचा हलत नाही, असं दिसलं, तर त्या बैठकीत बोनसचा विषय बाजूला ठेवून आधी उत्तरपत्रिका मागवायच्या.