मुलाच्या ताब्याचा मध्यस्थीतील करार

घटस्फोटाच्या दाव्यात मध्यस्थापुढे किंवा विवाह समुपदेशकापुढे आईवडिलांनी मुलाचा ताबा, भेटी आणि खर्च याविषयी लेखी केलेली तडजोड. वकील मंडळी तिला ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात.

नवराबायकोच्या सह्या झाल्या म्हणजे करार पक्का झाला, ही समजूत चुकीची आहे आणि ती अनेकांना महागात पडते. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ नुसार न्यायालयाने तडजोडीचा प्रयत्न करायचा असतो. पण मध्यस्थाला आदेश देण्याचा अधिकार नाही. झालेली तडजोड न्यायालयापुढे ठेवून तिच्यावर आदेश घ्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अ‍ॅफकॉन्स प्रकरणात स्पष्ट केले. मुद्रांक कागदावर नोटरीकडून करून घेतलेल्या कागदाची थेट अंमलबजावणी होत नाही. फार तर तो पुराव्याच्या कामी येतो.

न्यायाधीशही तडजोडीवर डोळे मिटून शिक्का मारत नाहीत. ज्याच्याविषयी हा करार आहे, त्या मुलाची त्यावर सही नसते. त्याच्या वतीने न्यायालयालाच पाहावे लागते. ‘ताबा सोडतो, पण मुलाचा खर्च मागू नकोस’ अशी देवघेव म्हणूनच टिकत नाही. पोटगी हा मुलाचा हक्क आहे आणि तो आईवडिलांना परस्पर सोडता येत नाही.

आदेश झाल्यावर मात्र करारात बळ येते. ठरल्याप्रमाणे मूल भेटीला पाठवले नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार अंमलबजावणीची दरखास्त दाखल करता येते; मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी कैद इथपर्यंत ती जाऊ शकते. न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हा अवमानही ठरतो. इथे मसुद्याची भाषा निर्णायक असते. ‘वडील सोयीनुसार भेटतील’ या वाक्याची अंमलबजावणी कोणी कशी करणार? ‘दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १० ला ठाण्यात तलावपाळीवर मूल सोपवायचे, रविवारी संध्याकाळी ६ ला परत आणायचे’ असे लिहिले, तर तो मोडला की पाळला हे सांगता येते. गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, शाळेची फी, पासपोर्ट यांचाही स्पष्ट उल्लेख हवा.

इतके करूनही हा आदेश कायमचा नसतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २६ घटस्फोटानंतरही ताब्याचा आदेश बदलू देते; विशेष विवाह अधिनियमात कलम ३८ आहे. संमतीने झालेला ताब्याचा आदेशही मुलाच्या हितासाठी बदलता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितले. २०१० च्या एका प्रकरणात परस्परसंमतीने घटस्फोट झालेल्या आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचे होते. वडिलांनी आधीच्या अटींवर बोट ठेवले, तरी मुलाला सोबत नेण्याची तिला मिळालेली परवानगी न्यायालयाने कायम ठेवली.

पालकत्वाचा स्वतंत्र अर्ज करायचा, तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार तो कोणत्या न्यायालयात करायचा हे ठरवताना मूल जिथे नेहमी राहते ते ठिकाण पाहिले जाते. नवी मुंबईकरांचा इथे घोळ होतो: ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते, खारघर रायगड जिल्ह्यात.